वहिनींचा इंग्रजी आठ

वहिनींच्या घरात गुंत्याला थारा नव्हता. इस्त्रीची वायर, फोनचा चार्जर, पडद्यांच्या दोऱ्या, विणकामाची लोकर, जे जे म्हणून लांब आणि बारीक, ते ते तिथे शिस्तीत नांदायचं. लेकीने एकदा इयरफोन पर्समध्ये तसाच कोंबला होता. वहिनींनी तो चिमटीत धरून असा काही बाहेर काढला, की मेलेली पाल परवडली. "अगं, औषधांच्या दुकानात काम करतेस ना? गोळ्यापण अशाच कोंबून देतेस का लोकांना?" लेकीने इयरफोन नीट गुंडाळून ठेवला. त्या घरात या विषयावर बोलून कोणाचं भलं झालेलं नव्हतं.

समुद्रकाठच्या रुंद, टणक वाळूवर दर रविवारी जी पतंगवाली मंडळी जमायची, तिने त्यांना वहिनी करून टाकलं होतं. त्यांचे यजमान तिथले दादा, म्हणून या वहिनी. दादा लिफ्ट दुरुस्त करायचे. आठवडाभर उंच इमारतींच्या अंधाऱ्या पोटात उभं राहून तारांना ग्रीस लावायचं आणि रविवारी उघड्यावर येऊन मनसोक्त हुंदडायचं, असा त्यांचा कार्यक्रम. वय, पोट आणि गुडघे यांपैकी एकालाही ते त्या दिवशी जुमानत नसत.

आता हा पतंग म्हणजे काडी आणि कागदाचा नव्हे, हे आधीच सांगितलेलं बरं. पॉवर काइट म्हणतात त्याला. कापडाचा, हवा भरली की गादीसारखा फुगणारा, दोघांच्या पलंगाच्या चादरीहून मोठा. त्याला चार दोऱ्या असतात, दोन डाव्या मुठीला, दोन उजव्या मुठीला; मूठ म्हणजे हातात धरायचा दांडा. वारा जोरात असला की तो धडधाकट माणसाला टाचांवर उभा करून वाळूतून फरफटत नेतो, आणि त्यातच म्हणे सगळी मजा असते. वहिनी त्याला बैल म्हणायच्या. "बैल कसला, रेडा आहे रेडा," असं दादा म्हणायचे, आणि फुशारकीने म्हणायचे.

रेड्याची मजा दादांची, पण वेसण वहिनींच्या हातात. दोऱ्यांना पीळ बसला की त्या एकमेकींना धरून बसतात आणि पतंग भलतीकडे तोंड करतो. गाठ बसली की दोरी तिथेच कच्ची होते आणि ऐन ओढीत दगा देते. म्हणून खेळ संपला की वहिनी चारही दोऱ्या एकत्र घेऊन दोन शिंगांच्या एका लाकडी फळीवर गुंडाळायच्या. गोल गोल मुळीच नाही. फळी हातात धरून तिच्याभोवती गोल गुंडाळलं की प्रत्येक वेढ्याबरोबर एक पीळ आत जाऊन बसतो. वहिनी गुंडाळायच्या आठाच्या आकारात, आणि तोही इंग्रजी आठ. आपला मराठी आठ एका बाजूला जाऊन तिथेच राहतो, इंग्रजी आठ गेला तसा परत येतो, त्यामुळे जाताना बसलेला पीळ येताना निघून जातो. लोकरीच्या दुकानात उभं आयुष्य काढलेल्या बाईला हे कोणी शिकवावं लागलं नव्हतं.

पुढच्या रविवारी दादा फळी घेऊन मागे मागे चालत जायचे आणि दोऱ्या सुळसुळत वाळूवर उतरायच्या. मग वहिनी मुठींपासून पतंगापर्यंत चालत जाऊन एकेक दोरी नजरेखालून घालायच्या, पतंगापाशी पोचल्या की हात वर करायच्या आणि खणखणीत आवाजात ओरडायच्या, "सरळ!" ते ऐकल्याशिवाय दादांनी कधी पतंग उचलला नाही. ही पद्धत आमच्या लग्नाइतकी जुनी आहे, असं दादा सगळ्यांना सांगायचे. खरं तर लग्न आधी झालं होतं आणि पतंग बऱ्याच वर्षांनी आला होता, पण तारखा हा दादांचा प्रांतच नव्हता.

एका सकाळी वहिनींच्या डाव्या हातातून कप निसटला आणि फुटला. त्या तुकडे गोळा करायला वाकल्या, तर तुकडेही हातात राहीनात. रक्ताची एक बारीकशी गुठळी मेंदूच्या वाटेवर अडकली होती. "म्हणजे गाठ? माझ्या डोक्यात?" हॉस्पिटलच्या खाटेवर वहिनींना पहिला राग आला तो याचा. पुढे बोलणं सुधारलं, पायही बऱ्यापैकी सुधारला. डावा हात मात्र रुसून बसला. खांद्यातून हलायचा, कोपरात वाकायचा, पण बोटं आत वळलेली ती वळलेलीच. त्यांच्यात जोरही नव्हता आणि ती उघडतही नव्हती. व्यायाम शिकवणारी एक गोड मुलगी घरी यायची. ती समोर बसून म्हणायची, "काकू, बोटं उघडा. अजून, अजून, अजून." वहिनी हाताकडे बघून म्हणायच्या, "ऐकलंस का रे मेल्या? ती एवढीशी पोर घसा कोरडा करतेय तुझ्यासाठी." हात ढिम्म.

एवढ्या आजारपणात वहिनी रडल्या त्या एकदाच. दाराजवळच्या खिळ्यावर फळी टांगलेली होती. जाता जाता त्यांनी सवयीने ती उचलली आणि मग लक्षात आलं, की फळी धरायला एक हात लागतो आणि गुंडाळायला दुसरा. समुद्रावर आता गेलं तर सगळे उठून उभे राहतील, खुर्ची देतील, चहा देतील, कशा आहात विचारतील. काम तेवढं कोणी देणार नाही. वहिनींना त्या वाळूवर पाहुणी म्हणून जायचं नव्हतं, आणि दुसरं कसं जायचं ते कळत नव्हतं.

दादांनी ते रडणं स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं. मग पुरुषमाणसाला जे सुचतं तेच त्यांना सुचलं: त्यांनी यंत्र बनवायला घेतलं. लिफ्टची तार ज्या चाकावर गुंडाळली जाते, तसंच एक छोटं चाक, दोन्ही बाजूंना कडा, मधून आस, आसाला बेअरिंग आणि फिरवायला दांडा. संध्याकाळी कामावरून आले की गच्चीवर कानस घासायचा आवाज सुरू व्हायचा. वस्तू तयार झाली तेव्हा दादांनी ती पुसूनबिसून जेवणाच्या टेबलावर ठेवली.

"बाबा, हा कुठला रहाट आणलात घरात?" लेक म्हणाली.

"रहाट नाही. आता हिने नुसतं बसायचं. एका हाताचाही त्रास नको. मी दांडा फिरवला की खलास!"

त्यांनी गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोऱ्या पसरून दांडा फिरवून दाखवला. चाक लोण्यासारखं फिरलं. वहिनी बघत राहिल्या. चाकात खोट काढायला जागा नव्हती, आणि तेच जास्त लागलं. माणूस रागाने हातातलं काम काढून घेतो तेव्हा भांडता तरी येतं. हा माणूस आठवडे घालवून, हाताला फोड आणून, प्रेमाने काढून घेत होता. "छान झालंय," वहिनी म्हणाल्या आणि आत भाजी चिरणाऱ्या लेकीला भांडं पुढे करायला गेल्या.

त्या रविवारी सगळं ठरल्यासारखं झालं. मंडळी उठून उभी राहिली. बेकरीवाल्याने खुर्ची दिली. हा दादांचा जिवलग, पहाटेपासून भट्टीपुढे उभं राहून थेट वाळूवर यायचा आणि त्याच्या भुवया बारा महिने पिठाने पांढऱ्या असायच्या. त्याने वहिनींच्या मांडीवर शाल घातली, हातात गरम बन ठेवला आणि म्हणाला, "वहिनी, तुम्ही आज फक्त महाराणी." वहिनींनी बनाचा असा लचका तोडला, की तो दोन पावलं मागेच सरकला.

दादांनी पतंग पसरला, त्याच्या कडेवर वाळूचे ढीग टाकले आणि चाक हातात घेऊन ते मागे मागे चालू लागले. निम्मं अंतर छान गेलं. मग चाक कुरकुरलं, अडखळलं आणि थांबलं. लिफ्टच्या बोगद्यात सगळं असतं, वाळू नसते. बेअरिंगमध्ये वाळू गेली होती. दादांनी दांडा हलवून पाहिला, फुंकर मारून पाहिली, लिफ्टला देतात त्या ठेवणीतल्या शिव्या देऊन पाहिल्या. वारा तर असा सुरेख सुटला होता, की थांबणं जिवावर यावं. शेवटी त्यांनी चाक तसंच आडवं धरलं आणि कडेवरून एकेक वेढा उपसून सोडत पुढे निघाले.

वहिनींच्या हातातला बन हातातच राहिला. फिरतं चाक फिरवूनच सोडायचं असतं. कडेवरून वेढा काढला की प्रत्येकाचा एक पीळ. इकडे चार दोऱ्यांचा चांगला जाडजूड दोरखंड तयार होत होता आणि तिकडे दादा शीळ घालत होते. आता हे मुठी खाली ठेवतील, आता मागे वळून माझ्याकडे बघतील, असं वहिनींना वाटलं. दादांनी मुठी उचलल्या, एक पाय रोवला आणि ओढलं.

वहिनींना विचारलंच नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

पतंग उठला, जरा वर गेला, आणि मग डावीकडे जायचं की उजवीकडे हेच त्याला कळेना. दादा डावी मूठ ओढत होते, पण पिळलेल्या दोऱ्या एकमेकींना सोडत नव्हत्या. पतंगाने स्वतःभोवती एक गिरकी घेतली, दुसरी घेतली आणि बेकरीवाल्यासकट त्याच्या बनांच्या टोपलीवर सपशेल लोटांगण घातलं. बेकरीवाला पतंगाखालून ओरडला, "दादा, बन झाकायला कापड आहे माझ्याकडे!"

सगळे हसले, पण दादा हसले नाहीत. त्यांनी घाबरून गोळा झालेल्या दोऱ्या खेचल्या. गुंता खेचणं म्हणजे रडणाऱ्या पोराला चापट मारणं. तो आणखी घट्ट बसतो. दादांनी पुन्हा खेचलं आणि खिशातून पक्कड काढली, कारण लिफ्टवाल्याच्या खिशात ती असतेच. ती बघितल्यावर मात्र खुर्चीतून आवाज आला. जुना आवाज, खणखणीत.

"हात लावाल तर याद राखा!"

शाल वाळूत पडली. वहिनी एक पाय किंचित ओढत, पण भलत्याच तोऱ्यात चालत आल्या. "ठेवा ते हत्यार. सोडा दोऱ्या. सोडा म्हणते ना! सैल पडू देत त्यांना." दादांनी सोडल्या. वहिनी गुंत्याशेजारी फतकल मारून बसल्या. घट्ट बसलेल्या गोळ्याला उजव्या हाताच्या बोटांनी थोपटलं, थोडं फुलवलं, एक फास इकडे, एक तिकडे. टोक शोधायच्या फंदात त्या पडल्याच नाहीत. गोळा मोठा करत गेल्या, मोठा आणि सैल, आणि थोड्या वेळात तो आपणहूनच वाळूवर पसरला. गुंता सोडवायला दोन हात लागत नाहीत हे त्यांना बसल्या बसल्याच कळलं. त्यांनी हे कोणाला सांगितलं नाही, पण चेहऱ्यावर दिसलं.

"गाठी गेल्या," त्या उठत म्हणाल्या. "आता पीळ राहिला. तो तुम्ही घातलाय, तुम्हीच काढा. दोन्ही मुठी घ्या, हात डोक्यावर धरा आणि गिरकी घ्या."

"मी?"

"मग काय बेकरीवाल्या भावजींनी घ्यायची? एक गिरकी, एक पीळ कमी. चला, उजवीकडून."

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या, केस पिकलेल्या त्या भरदार गृहस्थांनी दोन्ही हात वर केले आणि भर वाळूत गिरकी घेतली. एक. दोन. तीन. दोरखंड आणखी जाड झाला.

"अहो, उजवीकडून म्हटलं ना!"

"उजवीकडूनच घेतोय! तुझं उजवं की माझं उजवं?"

"समोरासमोर उभे आहोत, तुमचं तुम्ही घ्या ना!"

"मघाशी तुझं घेतलं!"

मंडळी आता पोट धरून खाली बसली होती. दादा उलटे फिरू लागले. आधी चुकीच्या गिरक्या फेडल्या, मग खऱ्या सुरू झाल्या. दोऱ्या एकमेकींपासून हळूहळू सुटू लागल्या. "आणखी!" वहिनी ओरडायच्या आणि दादा फिरायचे. "आणखी!" डोळे पांढरे, तोंड लाल, पाय भलतीकडे, तरी फिरताहेत. आणि अचानक दादांना एक वेगळाच आवाज ऐकू आला. वहिनी हसत होत्या. आजारपणानंतर त्या हसल्या नव्हत्या असं नाही, पण ते हसणं आलागेला बघायचा म्हणून असायचं. हे तसं नव्हतं. डोळ्यांतून पाणी येतंय, कंबर धरलीय, शब्द फुटत नाहीये. दादांना तेव्हा थांबायला हरकत नव्हती, कारण पीळ संपला होता. त्यांनी चार गिरक्या फुकट घेतल्या आणि मग धपकन वाळूत बसले. त्या दिवसापासून समुद्रावर त्यांचं नाव भोवरा पडलं.

घरी निघायच्या वेळी बेकरीवाला पुढे झाला. "वहिनी, आता आराम करा. दोऱ्या मी गुंडाळतो."

"आठात?"

"आठात, वहिनी. बनाची शपथ."

हाच तो क्षण होता. आता हो म्हटलं, की दर रविवारी हो म्हणायचं. वहिनींनी दादांकडे बघितलं. दादांच्या डोळ्यांपुढे समुद्र अजून गरगरत होता.

"अहो भोवरा, इकडे या. दोन्ही हात पुढे करा. मुठी आवळा. आणि हलू नका."

नवी लोकर दुकानात लडीने यायची, तेव्हा वहिनी कोणाच्या तरी दोन हातांत लड अडकवून गुंडा करायच्या. तेच आता उलटं. त्यांनी उजव्या हाताने दोऱ्या दादांच्या एका मुठीभोवती घातल्या, मध्ये ओलांडून दुसऱ्या मुठीभोवती घातल्या आणि पुन्हा ओलांडून परत आणल्या. आठ झाला. पण दोऱ्या मागून सैल येत होत्या, वाळूवर उड्या मारत होत्या. त्यांना कुठून तरी नीट ओवून यायला हवं, अगदी हलका ताण हवा, नाहीतर पुन्हा गोंधळ. वहिनींनी इकडेतिकडे पाहिलं. मग डावा हात कोपरातून वर घेतला आणि दोऱ्या त्या वळलेल्या बोटांच्या आतून ओवल्या.

उघडत नव्हती ती मूठ. पण मिटलेल्या बोटांमध्ये जी पोकळी होती, ती बरोबर चार दोऱ्यांच्या मापाची होती. जोर नव्हता म्हणून दोरी आवळली जात नव्हती, बोटं वळलेली होती म्हणून सुटत नव्हती. दोऱ्या त्या कडीतून एका चालीत सरकत येऊ लागल्या, आणि सरकता सरकता त्यांना लागलेली वाळूही पुसली जाऊ लागली. वहिनी एक वेढा घालायच्या, हाताकडे बघायच्या. दुसरा घालायच्या, पुन्हा बघायच्या. "बघा ना," त्या हळूच म्हणाल्या, "हा काम करतोय."

दादा बघतच होते. इतकी वर्षं या वेळी ते पतंगाची घडी घालण्यात गुंतलेले असायचे, बायको समोर उभी राहून काय करते ते त्यांनी एकदाही नीट पाहिलं नव्हतं. आता दोन्ही हात बांधलेले, जायला जागा नाही. नाकावर एक माशी येऊन बसली.

"अगं, नाक."

"थांबा."

"अगं, फार वळवळतंय."

"माझ्या हाताने इतके महिने दम धरला, तुमच्या नाकाला तेवढं जमत नाही?"

दादांनी दम धरला. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते माशीमुळे नव्हे हे बेकरीवाल्यालाही कळलं. तो भला माणूस पाठ वळवून बन मोजायला लागला.

"चुकलो मी," दादा म्हणाले. "मघाशी तुला न विचारता उचलला."

"चुकलातच," वहिनी म्हणाल्या. "हात जरा वर."

त्या आठवड्यात व्यायामाची मुलगी आली. "काकू, बोटं उघडा." वहिनींनी ऐटीत सांगितलं, "अगं, जरा दमाने घे. या मुठीला सध्या नोकरी लागलीय." मुलीने सगळी हकीगत ऐकली, ती हसली आणि म्हणाली, "नोकरी करू दे, पण सुट्टीच्या दिवशी उघडायलाही शिकू दे." वहिनींना ते पटलं. दादांनी ते चाक वाळू साफ करून गच्चीत बसवलं आणि त्यावर कपडे वाळत घालायची दोरी गुंडाळायला सुरुवात केली. तिथे ते आजही लोण्यासारखं फिरतं.

पुढच्या रविवारी वारा आदल्या रविवारपेक्षाही चांगला होता. गेल्या खेपेला मुठींवरून काढून मध्यावर बांधून ठेवलेला आठ सोडून दादा मागे मागे चालत गेले. दोऱ्या एकेक वेढा सोडत वाळूवर आल्या, चार वेगवेगळ्या, शेजारी शेजारी. दादा टोकाला पोचले, मुठी हातात घेतल्या आणि उभे राहिले. वाळूच्या ढिगांखाली पतंग उठायला धडपडत होता. बेकरीवाल्याला राहवेना. "दादा, उचला की! सरळच आहेत दोऱ्या, मला इथून दिसताहेत. वारा जाईल!"

"जाऊ दे," दादा म्हणाले.

वहिनी दोऱ्यांच्या कडेकडेने चालल्या होत्या. पूर्वीसारखं झपझप चालणं आता नव्हतं. पाय ओढत, थांबत, वाकून एकेक दोरी बघत त्या चालल्या होत्या, आणि सगळी मंडळी आपापले पतंग धरून गप्प उभी होती. एका दोरीवर शेवाळाचा तंतू चिकटला होता, तो त्यांनी काढून टाकला. मग पतंगापाशी जाऊन त्या वळल्या. लांबवर, दोऱ्यांच्या त्या टोकाला, दादा त्यांच्याकडेच बघत होते.

वहिनींनी हात वर केला. डावा. मूठ मिटलेलीच होती.

"सरळ!"

आणि रेडा उठला.